शरीराचा ओळंबा

“पोक काढून बसूं नकोस, ताठ बैस!” हें वाक्य ज्या घरांत कधीं ऐकूं आलें नाहीं, असें घर शोधूनच काढावें लागेल. पूर्वीं तें पाटावर जेवावयास बसलेल्या मुलाला ऐकावें लागे. आतां तें मोबाइलवर मान झुकवून बसलेल्या १८-२० वर्षांच्या कॉलेजकुमाराला ऐकावें लागतें. बोलणारी आजी तीच आणि तिची काळजीहि तीच. फरक इतकाच कीं, आजीच्या मदतीला आतां यंत्रें धांवून आलीं आहेत. एका छायाचित्रावर रेघा ओढून मान किती अंश पुढें आली आहे आणि कोणता खांदा किती खालीं उतरला आहे, हें क्षणार्धांत सांगण्याची सोय झाली आहे. व्यायामशाळेंत नांव घालतांच “तुमच्या स्नायूंचा तोल बिघडला आहे” असा निवाडा ऐकून खिन्न मनानें घरीं परतणारे तरुण-तरुणीहि कमी नाहींत.

अशा घाईच्या निवाड्यानें दोन प्रकारचें नुकसान होतें. ज्याला कांहीं झालेलें नाहीं तो स्वतःला मोडका समजूं लागतो; वांकावयास भितो, ओझें उचलावयास भितो, आणि त्या भीतीनेंच दुबळा होतो. उलट ज्याच्या कण्यांत खरोखरच रोग शिरला आहे, त्याला “आळशी आहेस, ताठ बसत नाहींस” एवढेंच औषध वर्षानुवर्षें मिळत राहतें. म्हणून शरीराची ठेवण आणि स्नायूंचा तोल तपासतात कसा, आणि त्या तपासणींतून काय कळतें व काय कळत नाहीं, हें प्रत्येक सुशिक्षित घरांत ठाऊक असणें अगत्याचें आहे.

गवंडी भिंत उभारतो तेव्हां तिचा सरळपणा ओळंब्यानें पाहतो. माणसाचें शरीर तपासणारा तज्ज्ञहि प्रथम ओळंबाच हातीं घेतो. माणसाला एका बाजूनें पाहत दोरी सोडली असतां ती कानाच्या पाळीवरून, खांद्याच्या टोंकावरून, कमरेखालीं बाजूस मांडीच्या हाडाचा जो उंचवटा हाताला लागतो त्यावरून, गुडघ्याच्या सांध्याच्या मध्याच्या किंचित् पुढून आणि घोट्याच्या बाहेरील हाडाच्या किंचित् पुढून जावी, अशी आदर्श कल्पना आहे. ही रेषा अमेरिकेंतील बाल्टिमोर शहराच्या हेन्री व फ्लॉरेन्स केंडल या दांपत्यानें विशेष प्रचारांत आणिली. त्यांचे १९४९ आणि १९५२ सालचे ग्रंथ फिजिओथेरपी शिकणाऱ्यांच्या कित्येक पिढ्यांनीं अभ्यासिले आहेत. पाठीमागून पाहतांना हीच दोरी डोक्याच्या मध्यापासून निघून दोन टांचांच्या मधोमध यावी, आणि दोन्ही खांदे, पाठीवरील दोन्ही फरे व कमरेचीं दोन्ही हाडें एका पातळींत असावींत, अशी अपेक्षा असते.

परंतु भिंतीचा ओळंबा माणसाला जशाचा तसा लावतां येत नाहीं. पहिली गोष्ट ही कीं, निरोगी कणा मुळीं सरळ नसतोच. मानेशीं तो पुढें वळतो, पाठीशीं मागें वळतो आणि कमरेशीं पुन्हां पुढें येतो. हीं वळणें दोष नव्हेत. सुमारें ५ किलो वजनाचें डोकें आणि त्याखालील सारें धड पेलतांना जे हिसके बसतात, ते या वळणांमुळेंच सोसले जातात. कोणाचें वळण जन्मतःच थोडें अधिक तर कोणाचें थोडें कमी असतें. दुसरी गोष्ट अशी कीं, भिंत एकदां उभी राहिली म्हणजे राहिली. माणूस मात्र उभा असतांना क्षणभरहि खरोखर स्थिर नसतो. पाय जुळवून आणि डोळे मिटून उभें राहिलें म्हणजे आपलें शरीर पुढेंमागें कसें झुलत आहे, हें ज्याचें त्याला कळतें. पोटऱ्यांचे, मांड्यांचे आणि पाठीचे स्नायु हा झोक सतत सांवरीत असतात. तात्पर्य, उभें राहणें ही एक स्थिति नसून ती अखंड चाललेली क्रिया आहे. आणि क्रियेची परीक्षा एका चित्रावरून होत नाहीं.

ही गोष्ट विसरल्यास काय घडतें, याचा धडा अमेरिकेच्या इतिहासांत सांपडतो. १९१६ सालीं हार्वर्ड विद्यापीठांत नव्यानें दाखल झालेल्या ७०० हून अधिक विद्यार्थ्यांच्या शरीराची ठेवण डॉ. लॉइड ब्राउन यांनीं तपासली आणि तिच्या चार प्रती लावल्या. निष्कर्ष असा निघाला कीं, दर ५ विद्यार्थ्यांपैकीं सुमारें ४ जणांची ठेवण सदोष आहे! ज्या परीक्षेंत ५ पैकीं ४ विद्यार्थी नापास होतात, त्या परीक्षेकडेच वास्तविक संशयानें पहावयास हवें होतें. पण तसें झालें नाहीं. उलट शाळांतून, महाविद्यालयांतून आणि कारखान्यांतून ताठपणाची जणूं मोहीमच सुरू झाली. हार्वर्ड, येल, व्हॅसार यांसारख्या नामांकित संस्थांत नव्या विद्यार्थ्यांचीं, आणि विद्यार्थिनींचींहि, विवस्त्र छायाचित्रें ठेवण तपासण्याच्या नांवाखालीं घेतलीं जाऊं लागलीं. ही प्रथा १९६० नंतरच्या वर्षांपर्यंत रेंगाळली. त्यांतील कांहीं चित्रें शरीराच्या बांध्यावरून स्वभाव ओळखूं पाहणाऱ्या संशोधकांच्या हातीं गेलीं. १९९५ सालीं या साऱ्या प्रकरणाचा वृत्तपत्रांतून बोभाटा झाला, तेव्हां त्या वेळचे विद्यार्थी वृद्ध झाले होते. येथें दोष कॅमेऱ्याचा नव्हता. एका चित्रावरून माणसाचें आरोग्य, इतकेंच नव्हे तर शीलहि, वाचतां येतें या समजुतीचा होता. तपासणी ही तपासल्या जाणाऱ्याच्या संमतीनें, त्याची लाज राखून आणि त्याच्या हिताकरितांच व्हावी, हा त्यांतून निघालेला दुसरा धडा.

पुढें हाच प्रश्न अधिक नेमकेपणानें विचारण्यांत आला. पश्चिम ऑस्ट्रेलियांतील पर्थ शहरीं कित्येक मुलांचा जन्मापूर्वींपासून वर्षानुवर्षें पाठपुरावा करण्यांत आला आहे. हीं मुलें १७ वर्षांचीं असतांना त्यांच्या बसण्याची ढब छायाचित्रांवरून मोजली गेली, आणि तीं २२ वर्षांचीं झाल्यावर त्यांना मानदुखीविषयीं विचारण्यांत आलें. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाचा निष्कर्ष आजीला पटणार नाहीं असा आहे. मुलग्यांत बसण्याची ढब आणि पुढची मानदुखी यांचा संबंध आढळला नाहीं. आणि मुलींत तर ताठ बसणाऱ्यांपेक्षां सैल, झुकून बसणाऱ्यांतच मानदुखीचा संभव कमी दिसला. अर्थात् यावरून पोक काढणें हें औषध आहे, असा अर्थ कोणी काढूं नये. एका क्षणाच्या ठेवणीवरून पांच वर्षांनंतरचें दुखणें वर्तवितां येत नाहीं, एवढाच त्याचा अर्थ. दुखण्यामागें झोंप, चिंता, व्यायामाचा अभाव, एकाएकीं वाढलेलें काम अशीं अनेक कारणें असतात. ठेवण हें त्यांतील एक, आणि बहुधा लहानसें, कारण होय.

मग डोळ्यांनीं पाहणें व्यर्थच कीं काय? तसें मुळींच नाहीं. काय पहावें आणि शरीर कोणत्या स्थितींत असतांना पहावें, याला सारें महत्त्व आहे. या संबंधांत इंग्लंडमधील एक हकीकत मोठी बोधप्रद आहे. गिडिऑन मँटेल हे व्यवसायानें वैद्य आणि छंदानें भूगर्भशास्त्रज्ञ. इग्वानोडॉन या लुप्त, प्रचंड प्राण्याला १८२५ सालीं नांव देऊन त्यांनीं कीर्ति मिळविली होती. १८४१ सालीं घोडागाडीच्या अपघातांत त्यांच्या पाठीला जबर इजा झाली, आणि पुढचें आयुष्य त्यांनीं असह्य वेदनांत काढलें. त्यांच्या कमरेपाशीं कण्याच्या बाजूला एक टणक उंचवटा आला होता. तो गळूचा किंवा अर्बुदाचा असावा, असें वैद्यांना वाटलें. १८५२ सालीं ते वारल्यावर शवपरीक्षा झाली, तेव्हां तेथें गळूहि नव्हतें आणि अर्बुदहि नव्हतें. कण्याचे मणके आंतल्या आंत वांकले व पिळले होते, आणि पिळलेल्या मणक्यांनीं बाहेर रेटलेल्या स्नायूंचाच तो उंचवटा होता. विस्मयाची गोष्ट ही कीं, पाठीच्या मध्यावर हाताला लागणारीं मणक्यांचीं टोंकें मात्र जवळजवळ सरळ रेषेंत होतीं. ओळंबा लावणाऱ्याला ती पाठ निर्दोष वाटली असती!

लंडनचे शल्यवैद्य विल्यम ॲडम्स यांनीं या कण्याचा अभ्यास केला, आणि १८६५ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांतून असला लपलेला पीळ उघड करण्याची एक साधी युक्ति मांडली. आजहि ती त्यांच्याच नांवानें ओळखली जाते. तपासावयाच्या व्यक्तीनें पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून आणि दोन्ही तळहात एकमेकांना जोडून पुढें वांकावें. पाहणाऱ्यानें मागें बसून, पाठ आपल्या डोळ्यांच्या पातळींत आणून पहावें. बरगड्यांची किंवा कमरेची एक बाजू दुसरीपेक्षां उंच दिसली, तर मणक्यांना पीळ आहे असें समजावें. उभें असतांना खांदे खालींवर दिसत होते, पण वांकतांच पाठीच्या दोन्ही बाजू सारख्या झाल्या, तर तो वांकडेपणा हाडांचा नसून सवयीचा, वेदनेमुळें आलेला किंवा पायांच्या लांबींतील फरकामुळें दिसणारा असण्याचा संभव अधिक. हीच परीक्षा स्टुलावर बसवून केली आणि फरक नाहींसा झाला, तर लक्ष पायांच्या लांबीकडे वळवावें. सेंटिमीटरभराचा फरक बहुतेकांना जन्मभर जाणवतहि नाहीं.

गवंड्याच्या पाणसळीसारखें एक लहानसें उपकरण वांकलेल्या पाठीवर ठेवून उंचवट्याचा कल अंशांत मोजतात. हा कल ५ ते ७ अंश किंवा त्याहून अधिक भरला, तर तज्ज्ञाकडे जावें. पुढचा निर्णय क्ष-किरणांच्या चित्रावर, अमेरिकन डॉक्टर जॉन कॉब यांनीं १९४८ सालीं मांडलेल्या कोनानें होतो. हा कोन १० अंशांहून अधिक असला तरच त्याला कण्याचें पार्श्ववक्रत्व म्हणतात. किशोरवयांतील दर १०० मुलांत २-३ जणांना तें असतें, आणि त्यांतील बहुतेकांना निरीक्षणापलीकडे उपचार लागत नाहींत. शरीराची वाढ पुरी झाल्यावर ३० अंशांखालील वक्रता सहसा वाढत नाहीं. ५० अंशांवरील वक्रता मात्र पुढेंहि हळूहळू वाढूं शकते. म्हणून विशीच्या उंबरठ्यावर एकदां अशी परीक्षा करणें शहाणपणाचें.

ठेवण डोळ्यांना दिसते. स्नायूंची शक्ति मात्र मोजावी लागते. ही मोजणी पोलिओच्या सांथींनीं वैद्यकाला शिकविली. कोणत्या मुलाचा कोणता स्नायु किती वांचला आहे, हें नोंदल्याखेरीज उपचारच करतां येत नव्हते. बोस्टनचे डॉ. रॉबर्ट लव्हेट आणि त्यांच्या साहाय्यक विल्हेल्माइन राइट यांनीं याकरितां पृथ्वीच्या ओढीचाच मापासारखा उपयोग केला. राइट यांनीं १९१२ सालीं ही पद्धति प्रसिद्ध केली. आज तिची मोजणी ० ते ५ अशी होते. ० म्हणजे स्नायु मुळींच हालत नाहीं. ३ म्हणजे पृथ्वीच्या ओढीविरुद्ध अवयव पूर्ण उचलतां येतो. आणि ५ म्हणजे तपासणाऱ्यानें जोर लावून विरोध केला तरी स्नायु हार जात नाहीं.

रोग्याकरितां हें माप उत्तम. पण निरोगी तरुणांत त्याचा उपयोग थोडा, कारण तेथें बहुधा सर्वांनाच ५ गुण मिळतात. म्हणून त्यांच्यासाठीं परीक्षा कठीण करावी लागते. एका पायावर उभें राहून टांच किती वेळां पुरी उचलतां येते, कोपराच्या आधारें कुशीवर शरीर फळीसारखें किती सेकंद धरतां येतें, हें उजव्या आणि डाव्या बाजूनें निरनिराळें मोजतात. दवाखान्यांत हातांत धरावयाच्या बलमापकानें हाच जोर किलोंत मोजतां येतो. जर्मन शल्यवैद्य ट्रेंडेलेनबुर्ग यांनीं १८९५ सालीं सांगितलेली परीक्षा तर कोणत्याहि उपकरणावांचून होते. माणसाला एका पायावर उभें करावें आणि मागून कमरेकडे पहावें. उचललेल्या पायाकडची कमर खालीं झुकली, तर ज्या पायावर तो उभा आहे त्या बाजूचा नितंबाचा स्नायु कमजोर आहे असें समजावें.

शक्तीबरोबर स्नायूची लांबीहि पहावी लागते. लिव्हरपूलचे डॉ. ह्यू ओवेन टॉमस यांची १८७५ च्या सुमाराची परीक्षा याचें चांगलें उदाहरण आहे. उताणें निजून एक गुडघा छातीशीं घट्ट धरावा. दुसरी मांडी अंथरुणाला टेकून राहिली तर ठीक; ती आपोआप वर उचलली गेली, तर मांडीच्या सांध्यापुढील स्नायु आंखडले आहेत. दिवसाचे आठ-दहा तास खुर्चींत बसणाऱ्यांत हें पुष्कळदां आढळतें.

लांबी आणि शक्ति यांची सांगड घालण्याचा मोठा प्रयत्न प्रागचे डॉ. व्लादिमीर यांडा (१९२८-२००२) यांनीं केला. वयाच्या पंधराव्या वर्षीं त्यांना स्वतःलाच पोलिओनें गांठलें होतें. म्हणून स्नायूंचें दुबळेपण त्यांना केवळ पुस्तकांतून ठाऊक नव्हतें. त्यांना असें दिसलें कीं, तंबूच्या खांबाचे तणावे एका बाजूला आवळले आणि दुसऱ्या बाजूला ढिले पडले म्हणजे खांब जसा कलतो, तसेंच शरीराचें होतें. मान व खांदे यांच्या वरचे आणि छातीचे स्नायु आंखडतात, तर मानेच्या पुढील बाजूचे खोल स्नायु व फऱ्यांना खालीं धरणारे स्नायु ढिले पडतात. कमरेशीं मांडीपुढील व पाठीचे स्नायु आंखडतात, तर पोटाचे व नितंबांचे स्नायु मंदावतात. आंखडलेल्या आणि ढिल्या स्नायूंना जोडणाऱ्या रेषा एकमेकींना छेदून फुली होते, म्हणून यांडांनीं या प्रकाराला फुलीचेंच नांव दिलें.

ही मांडणी तपासणाऱ्याला दिशा दाखविते. निकाल देत नाहीं. कारण स्नायु म्हणजे निर्जीव दोरी नव्हे. आंखडलेला वाटणारा स्नायु पुष्कळदां स्वतःच कमजोर असतो आणि थकव्यानें ताठरलेला असतो. त्याला नुसता ताण देण्यापेक्षां बळ दिल्यानेंच तो सैल पडतो. शिवाय फुलीचें हें चित्र पूर्णपणें जुळूनहि कांहींच न दुखणारी माणसें आढळतात, आणि तें मुळींच न जुळतां दुखणारींहि आढळतात.

उजव्या-डाव्या बाजूंतील फरकाचेंहि असेंच आहे. हृदय डावीकडे आणि यकृत उजवीकडे, अशी रचना निसर्गानेंच केली असतां बाहेरून मात्र दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असाव्यात, हा हट्ट फुकाचा आहे. उजव्या हातानें कामें करणाऱ्याची उजवी मूठ साधारणपणें शेंकडा १० नें बळकट असतेच. टेनिस खेळणाऱ्याच्या खेळत्या हाताचें हाडहि दुसऱ्यापेक्षां जाड होतें. उजव्या हातानें द्रुतगति गोलंदाजी करणाऱ्या क्रिकेटपटूच्या कमरेचे स्नायु दोन्ही बाजूंनीं सारखे नसतात, आणि अतिश्रमानें त्याच्या मणक्याला चीर पडली तर ती बहुधा डाव्या बाजूला पडते. त्या चिरेला स्नायूंतील फरक कारणीभूत आहे, कीं तो फरक शरीरानें कामासाठीं करून घेतलेली सोय आहे, यावर तज्ज्ञांत अद्याप एकमत नाहीं. चेंडू किती टाकले आणि मधें विश्रांति किती मिळाली, याला मात्र निःसंशय महत्त्व आहे. पायांच्या शक्तींत शेंकडा १० ते १५ हून अधिक फरक आढळला, विशेषतः दुखापतीनंतर, तर तो भरून काढूनच खेळाकडे परतावें, असा सामान्य प्रघात आहे.

आतां हें ज्ञान घरीं कसें वापरावें? भिंतीला टांचा टेकून सहज उभें रहावें. डोकें मागें भिंतीला कष्टाशिवाय टेकतें कीं नाहीं, तें पहावें. पाठीला पोक दिसत असेल तर पालथें निजून छाती उचलावी. त्यानें पोक नाहींसा झाला तर तो सवयीचा. तो तसाच राहिला, तर किशोरवयांत मणक्यांची वाढ पाचरीसारखी होऊन आलेला असूं शकतो, आणि डॉक्टरांना दाखविणें बरें. त्यानंतर पुढें वांकण्याची परीक्षा, एका पायावर उभें राहण्याची परीक्षा आणि टांच उचलण्याची मोजणी करावी. जें आढळेल तें तारीख घालून वहींत लिहावें. दोन डोळस तज्ज्ञांचेंहि नुसत्या नजरेनें केलेलें निदान पुष्कळदां जुळत नाहीं. म्हणून एकदांच्या पाहण्याला फार किंमत देऊं नये. त्याच माणसानें, त्याच रीतीनें, सहा-आठ आठवड्यांनीं पुन्हां मोजावें. इतरांशीं तुलना करण्यापेक्षां स्वतःच्या कालच्या मापाशीं तुलना करणें, हेंच या विद्येचें खरें सूत्र आहे.

कांहीं लक्षणें मात्र अशीं आहेत कीं, तीं दिसतांच घरगुती परीक्षा थांबवावी. त्यांतील सर्वांत फसवें दुखणें म्हणजे कण्याच्या सांध्यांचा दाह, ज्याला डॉक्टर अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस म्हणतात. हा रोग बहुधा विशी-तिशींतच सुरू होतो. पाठदुखी नकळत येते आणि तीन महिन्यांहून अधिक टिकते. पहांटे दुखून जाग येते. सकाळीं उठल्यावर अर्धा तास किंवा अधिक वेळ पाठ लांकडासारखी ताठ असते. आणि नवलाची गोष्ट ही कीं, विश्रांतीनें दुखणें वाढतें व हालचालीनें कमी होतें. पुढें कण्याचीं वळणें गोठूं लागतात. याची एक खूण १९३७ सालापासून शोबर यांच्या नांवानें प्रसिद्ध आहे. कमरेमागील दोन खळग्यांना जोडणाऱ्या रेषेवर एक खूण करावी, तिच्यावर १० सेंटिमीटर अंतरावर दुसरी करावी आणि शक्य तितकें पुढें वांकावें. निरोगी तरुणांत हें अंतर सुमारें १५ सेंटिमीटरपर्यंत वाढतें. तें फारच थोडें वाढलें, तर संधिवाताच्या तज्ज्ञाला गांठावें. या रोगाचें निदान होण्यास अजूनहि कित्येकांची अनेक वर्षें वायां जातात. वास्तविक आज त्यावर परिणामकारक औषधें आहेत. याखेरीज पाय बधिर होणें किंवा त्यांतील बळ जाणें, लघवीवरील ताबा सुटणें, कारण नसतांना ताप येणें किंवा वजन घटणें, एका हाताचा वा पायाचा स्नायु डोळ्यांदेखत वाळणें, हीं लक्षणें दिसल्यास विलंब लावूं नये.

ज्यांना यांतील कांहींहि नाहीं, त्या बहुसंख्य तरुणांसाठीं उपाय साधा आहे. जो स्नायु कमजोर भरला त्याला हळूहळू वाढता भार द्यावा. जो आंखडला आहे त्याला त्याच्या पुऱ्या लांबींत काम करावयास लावावें. जोर काढल्यानें ढकलणाऱ्या स्नायूंना भरपूर काम मिळतें, पण ओढणारे स्नायु उपाशी राहतात. मल्लखांबाला किंवा दोराला लटकणाऱ्या मुलाची ही उणीव आपोआप भरून निघते. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं प्रौढांसाठीं आठवड्यास १५० ते ३०० मिनिटें मध्यम व्यायाम आणि निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सांगितला आहे. तो करणाऱ्यानें खुर्चींत कसें बसावें याची चिंता फार करूं नये. एकाच बैठकींत फार वेळ मात्र राहूं नये. अत्यंत ताठ बैठकहि दोन तास धरली कीं अंग आंबतेंच.

राहतां राहिली आजी. तिची काळजी खोटी नाहीं. फक्त तिचें वाक्य बदलावयास हवें. “ताठ बैस” असें म्हणण्याऐवजीं तिनें म्हणावें, “बाळ, किती वेळ झाला बसून? ऊठ, जरा पाय मोकळे करून ये.” आणि नातू कण्हत उठला, तर रागें भरण्यापूर्वीं एवढेंच विचारावें, “सकाळीं उठतांना पाठ आंखडलेली असते का रे?” ओळंब्याला जें दिसत नाहीं, तें कित्येकदां या एका प्रश्नाला दिसतें.